आमची गेली

समस्त कोल्हापूरकरांना कळवण्यास अत्यंत दुःख होते की, आमच्या घरची पांढरी मोटार पंधरा वर्षांच्या सेवेनंतर गडहिंग्लजच्या एका गृहस्थाला विकली गेली.

वडिलांनी तिचा विमा मात्र महिनाभर रद्द केला नाही. कागदावर आपलं नाव आहे तोवर गाडी निम्मी आपलीच, असं त्यांना वाटायचं. शेवटी आईनंच त्यांना रिक्षात घालून विमा कचेरीत नेलं. मी मागोमाग गेलो, मजा बघायला. आई आणि मी बाकावर बसलो, वडील टेबलापाशी गेले.

"पॉलिसी बंद करायचीय," ते साहेबांना म्हणाले आणि त्यांचा आवाज दाटला. "आमची गेली."

साहेब उठून उभे राहिले. "अरेरे. कधी?"

"महिना झाला. राधानगरीच्या चढाला बी कधी कुरकुरली न्हाई बघा."

"मग अचानक काय झालं?"

"व्हायचंय काय? गडहिंग्लजच्या पावण्यानं नेली."

साहेब मटकन खाली बसले. मी तोंडात रुमाल कोंबला. तेवढ्यात वडिलांनी खिशातून गाडीची दुसरी किल्ली काढली, पावण्याला न दिलेली, आणि ती अंगठ्यानं पुसत राहिले. माझं हसू तिथंच थांबलं. आज मलाही ती गाडी हवीशी वाटते. पुढं आईवडील भांडत असावेत आणि मागच्या सीटवर मला झोप लागावी.

वडिलांचे डोळे भरलेले पाहून आई बाकावरून सगळ्या कचेरीला ऐकू जाईल असं म्हणाली, "ओ साहेब, गाडी गेलीया, मी हितंच हाय. आणि तुम्ही ओ, मी गेल्यावर एवढं तरी रडशीला न्हवं?"