तीन पिंपं आणि मामांची सही

शिवून आलेले कपडे धुऊन, त्यांचा रंग फिका करून पुढे पाठवायचं काम त्या कारखान्यात चाले. तिथल्या रसायनांच्या गोदामाच्या किल्ल्या एकतीस वर्षं एकाच माणसाच्या कमरेला होत्या. त्यांना सगळे मामा म्हणत. सख्खे भाचे दोनच, पण कारखान्यात पावणेदोनशे.

मामांची ख्याती होती ती नाकासाठी. फार वर्षांपूर्वी एका ट्रकमधून कपडे मऊ करायच्या द्रावणाची पिंपं उतरत होती. मामांनी एकाचं झाकण सैल केलं, वास घेतला आणि म्हणाले, "उतरवू नका. हे ॲसिड आहे." ट्रकवाल्याने कागद नाचवले. मामा जागचे हलले नाहीत. दोन तासांनी पुरवठादाराचा फोन आला की माल चुकून गेला, माफ करा. तेव्हापासून कागदापेक्षा मामांच्या नाकाला किंमत आली. वाफेने एखाद्या पिंपाचं लेबल गळून पडलं की मॅनेजर म्हणत, "मामांना बोलवा." मामा येत, वाकत, दीर्घ श्वास घेत आणि नाव सांगत. त्या नावाची चिठ्ठी पिंपाला लागे. मामांनाही त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोला? लग्नकार्यात ही गोष्ट ते न विचारता सांगायला घेत, आणि त्यांची बायको शेजारणीच्या कानात म्हणे, "आता ट्रक येईल बघा."

पण गेली दोन वर्षं मामांना कशाचाच वास येत नव्हता. आधी साबणाचा गेला, मग चहाचा, मग स्वतःच्या घामाचा. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. नाकच गेलं म्हटल्यावर गोदामात त्यांना कोण विचारणार? निवृत्तीला चार वर्षं उरली होती. तेवढी ढकलायची, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

ढकलायची युक्तीही सापडली होती. पिंपातला माल बादल्यांत काढून देणारा पंपवाला कायम हाताशी असे. मामा झाकण उघडत, खाली वाकत आणि तिरक्या नजरेने त्याचं तोंड बघत. कपाळ आक्रसलं तर ॲसिड. खोकला तर ब्लीच. ढिम्म राहिला तर मऊ द्रावण. पिंपाचा रंग, झाकणावरचे डाग, यांचीही मदत होई. अजून तरी चूक झाली नव्हती.

मंगळवारी सकाळी सव्वासातला घरी दूध जळलं. बायको मागच्या दारी कपडे वाळत घालत होती. मामा शेगडीपासून चार हातांवर पेपर वाचत होते. सून शेगडीकडे पाठ करून भाजी चिरत होती. ती त्याच कारखान्यात धुलाईच्या यंत्रावर होती, चार वर्षं झाली होती तिला. बायको धावत आली.

"अहो, अख्ख्या गल्लीला वास गेला आणि तुम्हा दोघांना पत्ता नाही? घर पेटलं तरी तुम्ही हवामानच वाचत बसाल!"

"बातमीत गुंतलो होतो," मामा म्हणाले.

"मला सर्दी आहे, आई," सून म्हणाली.

त्याच दिवशी दहा वाजता कारखान्यात प्रशिक्षण होतं. माल घेणाऱ्या मोठ्या कंपनीने सगळ्या पुरवठादारांना कळवलं होतं की रसायनं सुरक्षितपणे कशी हाताळायची ते कामगारांनी आणि मॅनेजरनी एकत्र बसून शिकायचं. निम्मं मंगळवारी, निम्मं गुरुवारी. शुक्रवारी तपासणी. शिकवायला आलेल्या बाई दिसायला किरकोळ, पण आवाज खणखणीत.

"ज्यावर नाव नाही, ते पिंप बाजूला ठेवायचं," त्या म्हणाल्या. "कुलूप लावायचं. नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा. हुंगून ओळखायचं नाही, कधीच नाही. बादलीत ब्लीच आहे आणि वरून चुकून ॲसिड पडलं, तर जो वायू निघतो, तो माणसाला दारापर्यंतही पोचू देत नाही."

मॅनेजर हसून म्हणाले, "बाई, आमची प्रयोगशाळा तिसऱ्या रांगेत बसलीय. चहावर चालते."

सगळे हसले. मामाही हसले. बाई हसल्या नाहीत.

बुधवारी दुपारी मॅनेजर गोदामात आले. कोपऱ्यात लेबल नसलेली तीन निळी पिंपं होती.

"मामा, ही प्रयोगशाळेत पाठवली तर दहा दिवस जातील. तपासणीत शेरा बसेल. ऑर्डर गेली तर पहिल्या घरी बसतील त्या धुलाईच्या बायका. तुमची सून तिथेच आहे ना? तुम्ही वास घ्या, चिठ्ठ्या लिहा, खाली सही करा. पाच मिनिटांचं काम."

नेमका पंपवाला त्या दिवशी रजेवर. मामा त्या पिंपांसमोर नुसते उभे राहिले. तिन्ही सारखीच, जुळ्या भावंडांसारखी. चिठ्ठी लिहिली की उद्या त्यातलाच माल धुलाईच्या बादलीत जाणार, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

पावणेचारला सून बादली घेऊन आली. "मामा, ब्लीच द्या." कारखान्यात तीही त्यांना मामाच म्हणे.

"जरा इकडे ये," ते म्हणाले. त्यांनी पहिल्या पिंपाचं झाकण सैल केलं आणि तिच्या तोंडाकडे पाहिलं.

तिचं कपाळ आक्रसलं नाही. ती खोकलीही नाही. पण डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"कसला वास येतोय?"

"पाणीच आहे ना यात?" डोळे पुसत ती म्हणाली.

मामांनी झाकण घट्ट लावलं. तिला घेऊन ते ब्लीचच्या पिंपाकडे गेले. सकाळीच उघडलेलं, लेबल लावलेलं. "आणि हे?"

ती वाकली. मग तिने बादली खाली ठेवली.

"बाबा," ती म्हणाली. कारखान्यात तिने त्यांना अशी हाक कधी मारली नव्हती. "माझी सर्दी दीड वर्षाची आहे."

"घरी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही सांगितलंत?" तिने बादली उचलली. "दूध जळलं तेव्हा मी वळून तुमच्याकडे बघितलं होतं. तुम्ही पान उलटलंत."

ती गेल्यावर मामा आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिले. याच हाताने सुनेच्या तोंडासमोर झाकण उघडलं होतं. पंपवाल्यासमोर तर दोन वर्षं उघडत होते, दिवसातून पाच-पाच वेळा.

गुरुवारी सकाळी मॅनेजरनी विचारलं, "झाल्या चिठ्ठ्या?" मामा म्हणाले, "दुपारी देतो."

प्रशिक्षणात बाईंनी विचारलं, "नाव नसलेलं पिंप आहे का इथे?"

"एकही नाही," मॅनेजर म्हणाले.

मामा उभे राहिले. "तीन आहेत. त्यांत काय आहे ते मला माहीत नाही. दोन वर्षं झाली, मला वासच येत नाही."

हशा पिकला. पंपवाला मागून ओरडला, "काय मामा! या सोमवारी तर झाकण उघडल्याबरोबर सांगितलंत, ॲसिड म्हणून!"

"तुझं तोंड बघून सांगितलं."

हसू जिथल्या तिथे विरलं. पंपवाल्याचा हात नकळत स्वतःच्या गालावर गेला.

"आणखी कुणाला वास येत नाही?" बाईंनी हळू आवाजात विचारलं.

मामा खाली बसले. सुनेचं नाव त्यांनी घेतलं नाही. नोकरी तिची होती, बोलायचं की नाही हेही तिनेच ठरवायचं होतं.  मग कुठेतरी खुर्ची करकरली आणि बाई वर झालेले हात मोजू लागल्या. एक. दोन. मग चार एकदम. मामांनी मागे वळून पाहिलं नाही. पण नववा हात कुणाचा ते त्यांना कळलं. मॅनेजरनी आधी तिकडे पाहिलं होतं, आणि मग मामांकडे.

संध्याकाळी मॅनेजरनी नुसता हात पुढे केला. मामांनी कमरेच्या किल्ल्या सोडून दिल्या. त्याआधी तीन चिठ्ठ्या लिहून त्यांनी पिंपांना लावल्या होत्या: "आत काय आहे माहीत नाही. उघडू नये." खाली पूर्ण सही. मामा धरून दहा जणांना डॉक्टरकडे पाठवायचं ठरलं. पुन्हा कामावर कधी घ्यायचं, ते कुणी बोललं नाही.

घरी मामांनी बायकोला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे दोन वर्षं रोज 'चहा फक्कड झालाय' म्हणायचात, ते?"

"रंग बघून सांगायचो."

सुनेला हसू आलं. सासूने 'आणि तुझी सर्दी?' अशा नजरेने तिच्याकडे पाहिलं, आणि ते हसू अर्ध्यावरच थांबलं.

शुक्रवारी सकाळी बायकोने शेगडीपाशी स्टूल ओढलं. दूध ठेवलं. "तुम्ही दोघं बाहेर बसा," ती म्हणाली. सासरा आणि सून पायरीवर बसली. साडेसातचा कारखान्याचा भोंगा झाला. दोघंही उठली नाहीत.