खांबाच्या पुढे

पनवेलहून पेणला मी रोज गाडीने जातो. तिथल्या एका शाळेत गणित शिकवतो. शिरढोणच्या अलीकडे महामार्गावर एका खांबावर वेग मोजणारा कॅमेरा बसला, तेव्हा पहिल्याच महिन्यात मला दोन चलनं आली. तिसरं आलं नाही, कारण मी शहाणा झालो. खांबाआधीचं टायरवाल्याचं दुकान दिसलं की पाय ब्रेकवर, खांब मागे पडला की पुन्हा सुसाट. शिक्षकांच्या खोलीत मी हे हौसेने समजावून सांगायचो.

गेल्या वर्षी परीक्षा चालू होत्या आणि एका सकाळी मला निघायला उशीर झाला. खांब ओलांडला आणि नेहमीसारखा वेग वाढवला. जरा पुढे एक कोळीण डोक्यावर पाटी घेऊन रस्ता ओलांडत होती. तिने गाडी पाहिली, थबकली, मागे फिरली. मी करकचून ब्रेक दाबला. गाडी वाकडी होत थांबली, पण डावीकडचा आरसा तिला लागला आणि ती पडली. रस्ताभर बोंबील पसरले.

आता जे सांगतोय ते मी बायकोलाही बरेच दिवस सांगितलं नव्हतं. दार उघडून उतरलो तेव्हा मी आधी मागे वळून खांबाकडे पाहिलं. इथवरचा फोटो येत असेल का, म्हणून. क्षणभरच. पण तिने ते बघितलं.

"तिकडं काय बघतोस?" ती बसल्या जागेवरून म्हणाली. "माजा हात बघ."

तिचं उजवं मनगट वाकडं झालं होतं.

मी तिला गाडीत बसवून पनवेलला आणलं. "मावशी, फार दुखतंय का?" विचारलं. ती म्हणाली, "कॅमेऱ्याकडं सगले हलू जातात. म्हनून आमी बाया तितंच रस्ता वलांडतो. मना वाटला, तू बी हलूच येशील."

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कसं झालं?"

ती तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "रस्त्यात पाय घसरून पडल्या."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. डॉक्टरांनी तसंच लिहून घेतलं. तासाभरात तिचा मुलगा आला. त्याने माझे दोन्ही हात धरले. "सर, तुमी व्हतात म्हनून! कोन थांबतो आजकाल?" त्याने माझ्यासाठी चहा आणला. मी तो प्यायलो, त्याने विचारलं तेव्हा शाळेचं नावही सांगितलं. मग शाळेत जाऊन दुपारच्या पेपरला पर्यवेक्षण केलं.

दोन रात्री झोप नाही. तिसऱ्या दिवशी पत्ता काढून तिच्या घरी गेलो आणि मुलाला दारातच सगळं सांगितलं. खांबाकडे बघितलं होतं तेसुद्धा.

"आयेनं त्याच दिवशी सांगितलाय," तो म्हणाला. "मी तुमच्या शालेतच येनार व्हतो. तीच म्हनली, दोन दिस थांब. बघू, येतो का."

आत ती भिंतीला टेकून बसली होती, हात प्लॅस्टरमध्ये. मी माफी मागितली. ती एवढंच म्हणाली, "डाक्टरला बी सांग."

मी डॉक्टरांना सांगितलं, मग मुलाबरोबर पोलीस चौकीत जाऊन जबाब दिला. माझा परवाना काही महिने निलंबित झाला. त्या काळात एसटीने जात होतो आणि शाळेत कुणी विचारलं की गाडी गॅरेजमध्ये आहे म्हणायचो. ते खोटं मात्र अजून तसंच आहे.

तिचं मनगट नीट वळत नाही. पाटी घेऊन गावोगाव फिरणं सुटलं. आता ती बाजारात एका जागी बसते. मी गेलो की इतर गिऱ्हाइकांना म्हणते तसंच म्हणते, "या मास्तर, ताजा हाय." मग डाव्या हाताने मासे साफ करायला घेते. वेळ लागतो. तेवढा वेळ मी समोर उभा राहतो आणि नजर कुठे ठेवावी ते मला कळत नाही.