आबांना गप्प बसवण्याची तालीम

आमच्या आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हळू बोलता येत नाही. त्यांना मात्र वाटतं, आपण हळूच बोलतोय. कामतघरच्या कापड कारखान्यात लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, सगळं आयुष्य गेलं. त्या खडखडाटात कान कधी गेले ते त्यांनाही कळलं नाही. समोरच्याचे ओठ बघून ते सगळं समजून घेतात, आणि उत्तर मात्र कारखान्याच्या पार टोकाला उभ्या असलेल्या माणसाला द्यावं तसं देतात. आम्हाला सवय आहे. शेजाऱ्यांनाही आहे, आमच्याकडे आज काय भाजी आहे हे त्यांना कधी विचारावं लागत नाही.

तर माझ्या मुलीला कॉलेजच्या एकांकिकेत काम मिळालं. स्पर्धा ठाण्याच्या नाट्यगृहात. आणि तिनं जेवताना जाहीर केलं, "आबा दुसऱ्या रांगेत बसणार, मधोमध. मला दिसतील असे. ते नसतील तर मी स्टेजवर जाणार नाही."

यात लाड नव्हता. रोज संध्याकाळी ती आबांसमोर उभी राहून तालीम करायची. तिचा आवाज त्यांना ऐकू येत नव्हता, पण ओठ पाठ झाले होते. ती अडली की आबा पुढचं वाक्य नुसत्या ओठांनी सांगायचे, लूमवर लांबच्या माणसाशी बोलायचे तसं. आवाज न काढता त्यांना जमणारी जगातली ही एकच गोष्ट.

पण मला घोर लागला तो वेगळाच. त्या एकांकिकेत पडदा उघडतो तेव्हा स्टेजवर मिट्ट काळोख असतो. बराच वेळ काही घडत नाही. मग माझी मुलगी कंदील लावते आणि हलक्या आवाजात पहिलं वाक्य बोलते. दिग्दर्शक पोराचं म्हणणं, सगळा खेळ त्या शांततेवर उभा आहे.

आणि काळोख झाला की आबा ओरडतात.

कारखान्यातली रीतच ती. लाईट गेली की ज्याच्या आधी लक्षात येईल त्यानं बोंब ठोकायची, "लाईट गेलीऽऽ! बटण बंद कराऽऽ!" म्हणजे प्रत्येकाचा हात आपापल्या बटणावर जायचा. नाहीतर लाईट परत आली की सगळे लूम एकदम सुटणार आणि ताण्याचे उभे धागे तुटणार. कारखाना सुटून इतकी वर्षं झाली, पण आमच्या घरात लाईट गेली की आबा अजून ओरडतात. समोर बटण फक्त पंख्याचं असतं.

मी ठरवलं, आबांना शांत जागांची सवय लावायची. पहिल्या रविवारी मुंबईच्या म्युझियमला नेलं. हात तुटलेल्या एका दगडी मूर्तीसमोर ते भक्तिभावानं उभे राहिले. मला बरं वाटलं. मग त्यांनी अख्ख्या दालनाला विचारलं, "याचा हात कुठं गेला रं?" रखवालदार स्टूल सोडून आला. मी ओठांवर बोट ठेवलं. आबांनी मान डोलावली आणि त्यालाच विचारलं, "तुमी असताना गेला काय?"

दुसऱ्या रविवारी चित्रांची गॅलरी. गार हवा, पांढऱ्या भिंती, पाठीमागे हात बांधून चालणारी दोन-चार माणसं. आबांनी चपला दाराबाहेर काढल्या, गंभीर चेहऱ्यानं सगळीकडे पाहिलं आणि माझ्या कानाशी येऊन, म्हणजे त्यांच्या मते कानाशीच, म्हणाले, "कोन गेलं इथं?" चित्रकार बाई तिथंच उभ्या होत्या. मी एका चित्रात इतकं खोल डोकं घातलं की त्यांना वाटलं, मला ते आवडलंय.

राहिला काळोख. रोज जेवणं झाली की मी दिवा घालवायचो, आबा ओरडायचे, मी दिवा लावायचो. "नाटकात काळोख होणार. ओरडायचं नाही."

"मी कशाला ओरडू? मना काय समजत न्हाय काय?"

दिवा घालवला. "लाईट गेलीऽऽ!"

बायको भांडी आवरता आवरता म्हणाली, "तुम्ही त्यांना शिकवताय की स्वतः शिकताय? दर वेळी त्यांच्याआधी तुम्हीच दचकता." मी लक्ष दिलं नाही.

स्पर्धेच्या दिवशी ठाण्याला जाताना कशेळीच्या पुलावर ट्रकांची रांग हलेना. घामानं माझा शर्ट पाठीला चिकटला. आबा खिडकीतून खाडी बघत होते. धावत पोचलो तेव्हा आतली घंटा होत होती. मी आबांच्या तोंडात लिमलेटची गोळी कोंबली, त्यांचा एक हात घट्ट धरला आणि माझा दुसरा हात त्यांच्या तोंडावर दाबायच्या तयारीत ठेवला. बायको म्हणाली, "अहो, नीट बसा. लोक बघतायत."

दिवे मंदावले. पडदा सरकला. मिट्ट काळोख. कुणी खोकतसुद्धा नव्हतं. एवढा काळोख, एवढी शांतता. माझ्या छातीत काहीतरी वर वर येत गेलं, आणि कुणीतरी बोंब ठोकली, "लाईट गेलीऽऽ! बटण बंद कराऽऽ!"

झालं, म्हटलं. मी आबांच्या तोंडावर हात दाबला. आत गोळी फिरत होती. तोंड बंद होतं.

ओरडलो होतो मी. कॉलेजच्या सुट्ट्यांत आबांच्या शेजारी लूमवर मीही उभा राहायचो, ते आयत्या वेळी बाहेर आलं.

नाट्यगृह हसलं. मागून शिट्टी आली. बायकोनं पदर डोळ्यांपर्यंत ओढला. मग स्टेजवर काडी पेटली, कंदील लागला, आणि त्या उजेडात माझ्या मुलीचा चेहरा दिसला. हसू विरलं. सगळे तिच्या पहिल्या वाक्याची वाट बघायला लागले. ती उभी. ओठ उघडले, मिटले. वाक्य गेलं होतं. मी घालवलं होतं. मला ते पाठ होतं, पण आता तोंड उघडायची माझी छाती नव्हती.

तिनं दुसऱ्या रांगेकडे बघितलं. मीही वळलो. आबांनी लिमलेट तळहातावर काढून घेतली होती. त्यांना बोंब ऐकू आली नव्हती, हसू नाही, शिट्टी नाही. कंदिलाच्या उजेडात त्यांना फक्त नात अडलेली दिसत होती. ओठ सावकाश हलले. आवाज नाही.

आणि ती बोलली. हलक्या आवाजात, तालमीतल्यासारखी. मग शेवटपर्यंत अडली नाही.

निकालात त्यांच्या एकांकिकेचं नाव आलं नाही. बाहेर रिक्षा स्टँडपाशी ती तोंडावरचा रंग न पुसताच आली.

"आबा एक शब्द बोलले नाहीत," मी घाईघाईनं म्हणालो.

"मला आवाज ओळखता येतो, बाबा." मग आबांचा चिकट हात आपल्या ओढणीनं पुसत म्हणाली, "पुढच्या वेळी आबांना आण. तू आधी म्युझियमला जाऊन ये."

"काय म्हनते?" आबांनी विचारलं. तिनं ओठांनी सांगितलं. ते असे हसले की सगळे रिक्षावाले वळून बघायला लागले.

पुढच्या रविवारी आम्ही खरंच गेलो. दारातच आबांनी माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं आणि बजावलं, "गप ऱ्हायचं हां!" आतला रखवालदार स्टुलावरून उठून उभा राहिला.