इरुपेचा होकार

असुन्सिओनमध्ये बसची तिकिटं विकणाऱ्या एका वेबसाइटवर इरुपे काम करायची. ती वेबसाइट मुळात उभी केली विल्फ्रिदोकाकांनी, आणि इरुपेला हाताला धरून कोड शिकवला तोही त्यांनीच. पण वर्षानुवर्षं ठिगळं लावून त्या कोडचा पार गुंता झाला होता. प्रवाशाने कुठली सीट निवडली, ही एवढीशी गोष्ट पाच ठिकाणी साठवलेली. एकीकडे बदलली की बाकीच्यांना कळवत बसायचं. एखादं ठिकाण राहून गेलं, की एन्कार्नासिओनच्या बसमध्ये एका सीटवरून दोघं हमरीतुमरीवर! मग काकांना हाक जायची. कुठली माहिती कुठून कुठे जाते, ते त्यांनाच ठाऊक.

इरुपेने हट्टाने ते सगळं मोडलं. निवडलेली सीट एकाच जागी ठेवली. भाडं, सीटचा नकाशा, तिकीट, सगळं तिथूनच वाचून घेणारं. फाईलींमागून फाईली पुसल्या गेल्या. काकांनी स्क्रीनवर सावकाश नजर फिरवली आणि पानांवर गार पाणी ओतून केलेल्या तेरेरेचा पेला तिच्यापुढे केला.

"झकास केलंस, पोरी. आता मला निवांत झोप लागेल."

त्याच आठवड्यात मालकीणबाईंनी तिला आत बोलावलं. "हे सगळं तू एकटी सांभाळशील?"

"हो, सहज!"

कौतुकाने ती इतकी फुलली होती, की बाई हे का विचारताहेत हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

महिनाअखेरीस काकांना घरी पाठवलं. इरुपे तणतणत बाईंकडे गेली.

"त्यांना परत बोलवा."

"बोलावते की. पण काम कुठंय त्यांना द्यायला? तूच सांग."



रविवारी चिपा, म्हणजे चीज घातलेले छोटे पाव, घेऊन ती शेजारच्या लुके गावी काकांच्या घरी गेली. "काका, मी तेव्हा 'हो' म्हणायला नको होतं."

"वेडी आहेस. काम चोखच केलंस तू." ते तेरेरेच्या पेल्यात पाणी ओतत राहिले. मग म्हणाले, "मलाही सोपं करता आलं असतं गं. दोनदा बसलोही होतो करायला. पण म्हटलं, सोपं झाल्यावर मला कोण विचारतंय? दिलं तसंच ठेवून."

इरुपेने हातातला चिपा खाली ठेवला.

पुढे ती अधूनमधून जात राहिली. कोडचा विषय मात्र दोघांनीही पुन्हा काढला नाही. आणि तो सोडला, तर एकमेकांशी बोलायला त्यांच्याजवळ फारसं काही नव्हतंच.