अक्काचे नऊ चिंचोके

आमची अक्का गणिताची शिक्षिका होती आणि तिनं जन्मात कधी पोरं मोजली नाहीत, एक वेळ सोडली तर. धरणगावच्या शाळेत वर्षानुवर्षं अपूर्णांक शिकवणारी बाई, पण हजेरी घ्यायची ती एकेकाचं नाव घेऊन. डोक्यांवरून बोट फिरवत एक, दोन, तीन करणं तिला खपायचं नाही. "पोरं मोजू नयेत, नजर लागते," म्हणायची. कोणी हसलं तर चष्म्यावरून बघायची. "दोन आणि दोन चार, हे मी शिकवते. देवाला कोण शिकवणार? त्याचे कधी तीनही होतात."

अक्का म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. नात्यानं आत्या, पण सगळं घर तिला अक्काच म्हणायचं. लग्न होऊन वर्षभरात ती परत आली होती. त्याबद्दल घरात कोणी बोलत नसे आणि तीही बोलत नसे. मूलबाळ नव्हतं. त्याची भरपाई ती दर मे महिन्यात करायची. तिघा भावांची झाडून सगळी पोरं गोळा करायची आणि आठ दिवस एखाद्या मोठ्या शहरात घेऊन जायची, एकटी. एक वर्ष सुरत, एक वर्ष मुंबई, एक वर्ष हैदराबाद. त्या आठ दिवसांत आपल्याला माहेरची झोप मिळते, असं आमच्या आया म्हणायच्या.

तयारी संक्रांतीपासून सुरू व्हायची. जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर ती तक्ता आखायची. डावीकडे आमची नावं, पुढे वय, वर्षं आणि महिने धरून. शहरात काय बघायचं ते नंतर. "सहल गावाची नसते, वयाची असते," हे तिचं वाक्य. पाचाच्या आतल्याला दिवसात एकच जागा दाखवायची, कारण दुसरी दाखवली की तो पहिलीही विसरतो. सहा ते नऊ हे सगळ्यात वाईट वय. कडेवर घेता येत नाही आणि सांगितलेलं ऐकत नाहीत, त्यांना चालवून दमवायचं. बाराच्या वरच्यांना काही दाखवत बसायचं नाही, काम द्यायचं. तिकिटं सांभाळ, पत्ता विचार. शहर त्यांचं त्यांना दिसतं. आज मी फोनवर मोठमोठे लेख वाचते, मुलांना घेऊन फिरायला कसं जावं याचे. अक्काच्या तक्त्यात नसलेली एकही गोष्ट मला त्यात सापडलेली नाही.

आणखी एक नियम होता, जोडीचा. प्रत्येक धाकट्याचा हात एका मोठ्याच्या हातात. मोठं पोर पुढे पळायला लागलं की अक्का मागून ओरडायची, "गाडा मंद बैलाच्या पायानं चालतो रे!" मोठी पोरं चरफडायची. मी त्यातच होते. मला नेहमी कोणीतरी शेंबडं मिळायचं आणि मुलग्यांना नुसत्या पिशव्या, यावरून मी तिच्याशी भांडलेही होते. "पिशवी हरवली तर चालेल म्हणून ती त्यांच्याकडे," ती म्हणाली. तेव्हा मला ते फार मोठं कौतुक वाटलं.

आता प्रश्न असा, की पोरं मोजायची नाहीत तर सगळी आली हे कळायचं कसं? त्यावर अक्कानं चिंचोके काढले होते. निघताना प्रत्येकाला एक चिंचोका मिळायचा. बसमध्ये चढताना तो अक्कानं धरलेल्या कापडी पिशवीत टाकायचा. जागेवर बसल्यावर अक्का चिंचोके मोजायची आणि ज्याचे त्याला परत द्यायची. चिंचोक्यांना नजर लागत नाही. ज्यानं त्यानं आपला चिंचोका आपल्याच हातानं टाकायचा, हा कडक नियम होता. एका वर्षी अहमदाबादला गेलो तेव्हा आम्ही नऊ पोरं होतो.

मी अकरा वर्षांची होते. माझ्या हातात गोटू होता. धुळ्याच्या धाकट्या काकांचा एकुलता एक, चार वर्षांचा, गोरापान आणि वांड. पहिल्याच दिवशी त्यानं चिंचोका नाकात घातला. मी तो कसाबसा काढला आणि तेव्हापासून त्याचा चिंचोका माझ्याच फ्रॉकच्या खिशात ठेवला. चढताना दोन्ही मीच टाकायची. अक्काला सांगितलं नाही, कारण नियम मोडला म्हणून ती रागावली असती. दोन दिवस सगळं नीट चाललं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कांकरिया तलावावरून आम्ही धर्मशाळेत परत निघालो होतो. थांब्यावर गर्दी होती. एक बाई काचेच्या बांगड्या विकत होती आणि मला त्या हातात घालून बघायच्या होत्या. त्यासाठी दोन्ही हात लागतात. बस आली, रेटारेटी झाली. गोटू पुढे आमच्यातल्या मोठ्या दादाबरोबर चढला असं मला वाटलं. वाटलं म्हणजे काय, मी तसं धरून चालले. दारात अक्का पिशवी पसरून उभी होती. मी दोन चिंचोके टाकले. आत अक्कानं मोजले. "नऊ. चला." गर्दीत परत वाटायचे मात्र राहिले, ते पिशवीतच होते.

तिसरा थांबा मागे पडल्यावर दादानं विचारलं, "गोटू कुठंय?" अक्का चालत्या बसमधून उतरायलाच धावली. पिशवी हातातून सुटली आणि चिंचोके लोकांच्या पायांत पांगले. त्यामुळे ते तिला पुन्हा मोजता आले नाहीत. आम्ही तलावापर्यंत पळत गेलो. बांगड्यावाली होती, गोटू नव्हता. पोलीस चौकीत तिथल्या माणसानं विचारलं, सोबत मुलं किती? तेव्हा अक्कानं पहिल्यांदा आमच्याकडे बोट करून आम्हाला मोजलं. आठ.

गोटू सापडला नाही. काका पुढे कित्येक वर्षं त्याचा फोटो घेऊन अहमदाबादला जात राहिले आणि मग तेही गेले. अक्का धुळ्याला माफी मागायला गेली तेव्हा काकूनं तिला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. "मास्तरीण शे ना? नऊ लगून मोजता येस नही?" अहिराणीत एवढंच बोलली आणि दार लावून घेतलं. मी अक्काचा पदर धरून शेजारीच उभी होते. परत येताना एसटीत अक्का म्हणाली, "बरोबर बोलली ती. आठाला मी नऊ म्हणाले."

तेव्हाच मी तोंड उघडायला हवं होतं. अकराव्या वर्षी मार बसेल म्हणून गप्प बसले. विसाव्या वर्षी ठरलेलं लग्न मोडेल म्हणून. पुढे पुढे तर गप्प बसायची सवयच झाली. मधल्या काळात मी डोळ्यांनी काय पाहिलं ते सांगते. ही बाई फळ्यावर साधी बेरीज करायची आणि पोरांकडे वळून विचारायची, "बरोबर आहे ना रे?" दुसऱ्या वर्षी तिनं गणित सोडून मराठी मागून घेतलं. सहली बंद झाल्या. भाजीवाल्याला लिंबंसुद्धा ती मोजायला लावायची, स्वतः मोजायची नाही. अजून मला बसच्या दारात कोणी पिशवी धरून उभं दिसलं की मी ती बस सोडून देते.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या पोरांनी मुंबईचा हट्ट धरला. मुलगी अकरा वर्षांची, मुलगा सातचा आणि जावेची चिमुरडी चारची. जळगावात घरी सगळे म्हणाले, तूच ने तिघांना. मी तिकिटं काढायला बसायची आणि उठायची. शेवटी धरणगावला अक्काकडे गेले. ती अंथरुणाला खिळली होती, ऐंशीच्या घरात. वयं ऐकली आणि तिचे डोळे चमकले. भिंतीवरचं कॅलेंडर काढायला लावलं, त्याच्या पाठीवर रेघा ओढल्या. "चाराचीला समुद्र. तेवढाच. पूर्ण दिवस." मग एकदम थांबली आणि पेन्सिल माझ्या हातात दिली. "दिवसांची बेरीज तू कर, बाई. माझी चुकते."

मला ते सोसलं नाही. मी सगळं सांगितलं. नाकातला चिंचोका, बांगड्या, पिशवीत टाकलेले दोन. मी रडत होते, ती नव्हती. तिनं आधी विचारलं, तेही घरच्या अहिराणीत, "नऊच व्हतात?"

"नऊच होते, अक्का. तू बरोबर मोजले होतेस."

"नऊच व्हतात," ती पुन्हा म्हणाली. मग तिनं डोळे मिटले. चेहरा इतका मोकळा झाला होता, की मला आणखीनच मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे मी तिला केव्हाही देऊ शकले असते. मग तिनं माझं मनगट धरलं. "कोणले सांगू नको. धुळ्याले तर नहीच नही. तुना घरना लोके मंग तुना जोडे पोरे नही धाडतीन."

श्रावणात अक्का गेली. तेराव्याला काकू आली नाही, कोणाची अपेक्षाही नव्हती. त्यानंतरच्या रविवारी मी मुलीला घेऊन धुळ्याला गेले. चिंचोक्याच्या नियमानंतर अक्काचं मी मोडलेलं हे दुसरं सांगणं. काकू पाटावर बसून मेथी निवडत होती. मी समोर बसले आणि जसं अक्काला सांगितलं होतं तसंच सांगितलं. काकूचे हात थांबले.

"तू कितली व्हती तवय?"

"अकरा."

तिनं दाराशी उभ्या असलेल्या माझ्या मुलीकडे बघितलं. "हाई कितली शे?"

"अकरा."

काकू तिच्याकडे बघतच राहिली. पायांपासून डोक्यापर्यंत, सावकाश. मुलगी बिचकून माझ्या मागे आली. "इतलीशीच व्हती तू," काकू म्हणाली. तिचा आवाज रागाचा होता की कसला, मला कळलं नाही. तो राग माझ्यावर होता, की इतक्याशा पोरीच्या हातात पोर देणाऱ्या अक्कावर, तेही कळलं नाही.

"अक्काले सांगं व्हतं का हाई?"

"हो. शेवटी शेवटी."

"मंग काय बोलनी ती?"

"तुला सांगू नको म्हणाली. माझ्यासोबत कोणी पोरं पाठवणार नाही म्हणून."

काकूनं मेथीचं ताट बाजूला सारलं. पदर तोंडाशी नेला आणि भिंतीकडे तोंड करून बसली. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, तरी उठली नाही. मग तसंच भिंतीकडे बघत तिनं विचारलं, "तेराव्याले काय गोड करेल व्हतं?"

"मांडे," मी म्हणाले.

"तिले आवडेत," काकू म्हणाली.