न दुखणारी गाठ

मार्थाबाई गेल्याचा निरोप घेऊन त्यांचा भाऊ केडगावहून सायकलवर आला, तेव्हा मी सहावीच्या वर्गावर होते. नगरच्या मुलींच्या शाळेत आम्ही दोघींनी अकरा वर्षं बरोबर शिकवलं. त्या शरीरशास्त्र, मी मराठी. निरोप ऐकून फळ्याकडे वळले आणि अर्धवट राहिलेलं वाक्य काही केल्या पुरं करता येईना...

दोन वर्षांपूर्वी अंघोळ करताना त्यांच्या हाताला छातीत गाठ लागली होती. चिंचोक्याएवढी, न दुखणारी. मुलींना शरीराची रचना निःसंकोच समजावणाऱ्या या बाईंनी ती सात महिने लपवली. "पुरुष डॉक्टरांना दाखवायची कशी?" असं त्या मला म्हणाल्या, तोवर काखेतही एक गाठ आली होती. डॉक्टरांनी कॅन्सर असल्याचं स्पष्ट सांगितलं. महायुद्धाचे दिवस, सैनिकांच्या गर्दीनं गाडीत उभं राहायला जागा नाही. तशाच आम्ही मुंबईला गेलो. शस्त्रक्रिया झाली.

परतल्यावर मिरजगावहून त्यांची आई आली. "दुकत न्हवतं, तर कापलं कशाला गं?"

मार्थाबाई उशीला टेकून वर्गात बोलत तशाच बोलल्या. "आई, आपलं अंग बारीक बारीक पेशींचं असतं. एकीच्या दोन होतात, दोनाच्या चार. जखम भरली की थांबतात. माझ्यातली एक थांबेचना. तिच्यातून झालेल्याही थांबेनात, त्यांचीच ही गाठ झाली. काही तिथनं सुटून दुसरीकडं गेल्यात, तिथं वाढतील."

"मंग त्यास्नी कुनी सांगावं, थांबा म्हून?"

मार्थाबाईंनी आईचा हात नुसता धरून ठेवला. मी व्हरांड्यात जाऊन रडले.

जरा हिंडूफिरू लागताच त्यांनी मुलींच्या आयांना शनिवारी शाळेत बोलावलं. दार लावून पदर बाजूला केला, व्रण दाखवला. "मी सात महिने लाजले. तुम्ही सात दिवससुद्धा लाजू नका." बायका माना खाली घालून बसल्या. सगळ्या गेल्यावर शाळेत झाडलोट करणारी गंगूबाई तेवढी मागं राहिली. "बाई, मला बी हाय तसलं." तिची गाठ लहान असतानाच डॉक्टरांनी काढून टाकली. पुढे मार्थाबाईंची हाडं दुखू लागली, कूस बदलवेना. शेवटच्या भेटीत क्षीण आवाजात त्यांनी विचारलं, "गंगू बरी आहे ना?" मी हो म्हटलं. त्यांनी डोळे मिटले...

शनिवारी शाळा सुटल्यावर अजूनही एखादी अनोळखी बाई पायरीशी घुटमळते. "त्या मार्थाबाई हायेत का?" मी तिला आत घेते आणि दार लावते.