हिरो एकाचा, व्हिलन दुसऱ्याचा

ऐरोलीच्या आमच्या ऑफिसात काम कमी आणि किस्से जास्त तयार होतात, असं बॉसचं मत आहे. आता कामच असलं म्हटल्यावर आम्ही तरी काय करणार! कॉमिक्समधल्या कुठल्या पात्रावर सिनेमा काढायचा हक्क कुठल्या परदेशी स्टुडिओकडे आहे, त्याचं शीट आम्ही चौघं सांभाळतो. सध्या मात्र अर्धं लक्ष कांबळे मॅडमच्या घरच्या केसवर आहे. त्यांच्या बाबांनी तरुणपणी एका मुलांच्या मासिकात ‘टपालताई’ काढली होती, आकाशातून उडत पत्रं वाटणारी. आता तिच्यावर सिनेमा येतोय आणि बाबांचं नाव त्यात कुठेच नाही. मॅडमना फक्त तेवढं हवंय.

*

नवीन आलेल्या रियाला काही केल्या कळेना. हिरो एका स्टुडिओचा, व्हिलन दुसऱ्याचा आणि हिरोची बहीण दोघांची, असं कसं?

आमच्यातले शिरवण्याचे म्हात्रे भाऊ सरसावले. "आमचा सातबारा बघ. जमीन माझ्या बापाची, वरचा आंबा चुलत्याचा, विहीर सामाईक. आता ही बहीन म्हंजे विहीर हाय!"

दोन मिनिटांत रियाच्या डोक्यात प्रकाश! आमचं ट्रेनिंग तीन आठवडे चाललं होतं.

*

हक्क घेऊन ठरल्या मुदतीत सिनेमा काढला नाही, तर हक्क जातो. म्हणून काही स्टुडिओ नुसते हक्क टिकवायला कसाबसा सिनेमा उरकतात. असाच एक भयंकर सिनेमा आम्ही टीमने मिळून पाहिला. इंटरव्हलला सगळे डोकं धरून बसलेले, म्हात्रे एकटे खूश!

"माझा काका पन दरसाल भांडनातल्या तुकड्यात वाल पेरायचा. खायला नाय, ताबा दाखवाया!"

*

मॅडमच्या भावाच्या मुलाचा वाढदिवस. सोसायटीच्या हॉलमध्ये बॅनर, त्यावर हिरो आणि व्हिलन शेजारी शेजारी. मॅडम सवयीने खुर्चीवर चढल्या आणि व्हिलनवर कागद चिकटवला.

"ताई, काय करतेस?" भाऊ ओरडला.

"दोघांचे मालक वेगळे आहेत रे. एका फ्रेममध्ये नाही चालत!"

पोरगं सुरी हातात घेऊन थांबलं. "आत्या, केकवरच्याला कापायची परमिशन आहे ना?"

*

बाबांचा करार मॅडमनी ऑफिसात आणला. एकच पान, खाली बाबांची सही. पात्राचे सर्व हक्क कायमचे मासिकाला. मासिकाचे मालक गेल्यावर त्यांच्या तीन मुलांनी वाटणी केली. पुस्तकं थोरल्याला, सिनेमा मधल्याला, खेळणी धाकट्याला.

जगभरच्या करारांतल्या फटी शोधणारे आम्ही, इथे एकही सापडेना. म्हात्रेंनी कागद उलटसुलट करून पाहिला. "मॅडम, तुमच्या बाबांना बांधावर उभं राहायला पन जागा ठेवली नाय वो."

मॅडम कागदाची घडी घालू लागल्या. मला फार वाईट वाटलं.

*

मग एका रविवारी मासिकाच्या मालकांचा तो मधला मुलगा वकिलाला घेऊन मॅडमच्या घरी आला. बाबांकडची मूळ चित्रं त्याला सिनेमासाठी हवी होती. आधार म्हणून म्हात्रे आणि मी तिथेच बसलो होतो.

मॅडमनी नावाचा विषय काढला. वकील म्हणाला, "करारात नावाचं काही नाहीये. पात्र संपूर्ण आमचं."

बाबांनी चष्मा लावला आणि टपालताईच्या चित्रावर बोट ठेवलं.

"हो, सगळं तुमचं. फक्त हा हनुवटीवरचा तीळ तेवढा काढून टाका."

"का हो?"

"तो आमच्या हिचा आहे. तिनं कुठं सही केली होती?"

मॅडमनी भिंतीवरच्या आईच्या फोटोकडे पाहिलं. मग आम्हीही पाहिलं. वकील बॅगेतले कागद चाळायला लागला, तर मधल्या मुलाने त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं.

"काका, पूर्ण नाव सांगा. पडद्यावर जसं यायला हवं तसं."

बाबा म्हणाले, "आधी तिचं लिहा."